पेरूची छाटणी

रासायनिक खतं बंद करूनही ज्ञानदेवांनी पेरूची बाग राखली होती, म्हणून पुण्याच्या एका कॉलेजनं वर्गाच्या शेतभेटीसाठी लोणी काळभोरचं त्यांचंच शेत निवडलं. त्यांची मुलगी रुपाली त्याच वर्गात होती. "आमचे आप्पा कसं शिकवतात ते बघाच," असं ती बसमध्ये सगळ्यांना सांगत आली.

आप्पांनी झाडाखाली अंथरलेलं उसाचं पाचट उचलून दाखवलं. खालची माती ओलसर होती, गांडुळांनी भुसभुशीत झालेली. मग छाटणी दाखवून त्यांनी विचारलं, "आता कोन करतंय?"

रुपाली पुढे सरकली. तेवढ्यात भवानी पेठेतल्या टेलरची मुलगी फरहत म्हणाली, "मी करू का, काका?" आप्पांनी आपली कात्री तिच्या हातात दिली.

रुपाली मागे सरली. लहानपणापासून ती कात्री मागायची आणि आप्पा म्हणायचे, "झाड वाया घालवशील."

"हात चांगला हाय पोरीचा," आप्पा सगळ्यांना सांगत होते.

सगळे शेण-गोमूत्राच्या जीवामृताचं पिंप बघायला गेले. फरहत पाणी प्यायला मागे रेंगाळली, आणि रुपालीही. रुपालीनं कात्री उचलली आणि फरहतनं छाटलेल्याच झाडाची एक फांदी उडवली. फांदी खाली पडल्यावर तिला दिसलं, ती कळ्यांनी लगडलेली होती.

आप्पा परतले, फांदी पाहून फरहतकडे वळले. फरहतनं सगळं पाहिलं होतं, पण तिनं मान खाली घातली.

"असू दे, बाळा," आप्पा म्हणाले. "शिकताना व्हतंच."

इतक्या मऊ आवाजात ते रुपालीशी कधी बोलले नव्हते. आळ फरहतवर आला याचं तिला काही वाटलं नाही. ती माफी मात्र तिला हवी होती.

"मी कापली ती," ती म्हणाली आणि वाट बघत उभी राहिली.

"तू? घरची असून तुला कळी दिसंना?" आप्पांनी तिला वर्गासमोर फैलावर घेतलं. मग म्हणाले, "चल, पुढचं झाड तू कर. माज्यासमोर."

फांदीफांदीला बोलणी खात तिनं अख्खं झाड छाटलं. एकही कळी गेली नाही. आप्पांनी नुसतं "हं" केलं.

परतताना फरहत तिच्या शेजारी बसली. "तुला ओरडतील म्हणून मी गप्प बसले," ती म्हणाली. "पण काका किती प्रेमळ आहेत गं."

"आहेत ना," रुपाली खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पाहुण्यांशी."