सतरा नंबरपुढची जागा

सकाळी उठल्या उठल्या गाडी कुठे लावायची ही काळजी ज्याला नाही, त्याने मला शिक्षणाच्या गप्पा सांगू नयेत. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी माझी निम्मी अक्कल शरीररचनेवर खर्ची पडली आणि निम्मी पार्किंगवर. आमच्या सेसनॉक गावाहून निघायचं, पाऊण तास गाडी दामटायची आणि युनिव्हर्सिटीपाशी पोचल्यावर खरी परीक्षा सुरू. आत परवाना असला तरी सातनंतर जागा नाही. लगतच्या गल्ल्यांत दोन तासांची पाटी, आणि टायरवर खडूची रेघ मारून जाणारा तो माणूस; दोन तासांनी रेघ तिथेच दिसली की दंड. माझी मैत्रीण मेगन तर अर्धं लेक्चर सोडून गाडी चार हात पुढे सरकवायला धावायची. मी मात्र वर चढावर, बँक्सिया स्ट्रीटला, पाटी नसलेली एक जागा हेरली होती. सतरा नंबरच्या घरापुढे.

फेब्रुवारीतल्या, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यातल्या, एका मंगळवारी तिथे कचऱ्याचे दोन डबे उभे होते. मला उशीर झालेला. खाली उतरले, डबे ढकलत मागे गवतावर नेले, गाडी घातली आणि पळत सुटले. आता, कचऱ्याच्या दिवशी डब्यापुढे गाडी लावायची नाही हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. ट्रकचा लोखंडी हात बाजूने येतो आणि डबा उचलतो; मध्ये गाडी असली की ड्रायव्हर काही खाली उतरत नाही, सरळ पुढे जातो. मलाही ते ठाऊक होतं. पण घाईत होते.

दुपारी आले तर काचेवर चिठ्ठी. ‘माझी कोळंबी राहिली.’ आणि फाटकात काठी टेकून एक म्हातारा उभा.

“तूच का ती?”

“गाडीवर माझं नाव लिहिलेलं नाही,” मी म्हटलं. चूक माझी आणि आवाजही माझाच चढलेला. स्वभावाला औषध नाही.

“नाव नकोय मला. नाक आहे ना तुला? ये, वास घे.”

घेतला. कोळंबीची डोकी माणूस कचऱ्याच्या दिवसापर्यंत फ्रीझरमध्ये सांभाळतो आणि आदल्या रात्रीच डब्यात टाकतो. या गृहस्थाने सगळं रीतसर केलं होतं. आणि आता माझ्या कृपेने ती डोकी पुढचे सात दिवस उन्हात शिजणार होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“द्या ती पिशवी इकडे,” मी म्हटलं. “आमच्याकडे कचरा गुरुवारी जातो.”

“डिकीत नेणार? या उन्हात?”

“नाही तर राहू दे तुमच्याकडेच.”

“नको नको, ने बाई. देव तुझं भलं करो.”

इस्टरपर्यंत माझ्या गाडीत कुणी बसलं नाही. मेगनने तर तोंडावर सांगितलं की ती बसने जाईल.

पण त्या दिवसापासून एक सवय लागली. मंगळवारी दुपारी आले की त्या म्हाताऱ्याचे रिकामे डबे मी आत नेऊन ठेवायचे. मर्व्ह पास्को, जन्मभर पोलाद कारखान्यात घालवलेला, घरात एकटा. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून उजव्या हातात काठी, तेव्हा डबा ओढायचा तो डाव्या हाताने, दोन पावलं चालून एकदा थांबत. मी डबे न्यायचे आणि तो मागून हुकूम सोडायचा.

“लाल झाकण भिंतीकडे.”

“भिंतीकडेच आहे.”

“अजून भिंतीकडे.”

“आता काय भिंतीच्या आत घालू?”

मे महिन्यात एकदा त्याने विचारलं की तोंड असं उतरलेलं का. मी भडाभडा ओकले. हाडांची प्रात्यक्षिक परीक्षा, एप्रिलात आपटले होते, आता पुन्हा संधी जूनच्या बारा तारखेला, गुरुवारी, सकाळी नऊला. नऊला दार बंद म्हणजे बंद. यंदा गेली तर कोर्समधून नाव बाद.

“मग अभ्यास कर की. माझे डबे कसले ओढतेस?” एवढंच बोलून तो आत गेला. मला वाटलं, याला काय पडलीय.

बारा जूनला सहाला निघाले. वाटेत ट्रक उलटलेला, रस्ता पावणेदोन तास बंद. पोचले तेव्हा साडेआठ, आणि त्यातच पदवीदान समारंभ. चढाखालच्या सगळ्या गल्ल्या पाहुण्यांच्या गाड्यांनी गच्च. दोन चकरा मारल्या, तीन मारल्या. दोन तासांच्या पाटीखालीसुद्धा बोटभर जागा नाही. शेवटी बँक्सिया स्ट्रीटला वळले तर अख्ख्या रस्त्यात एकच फट, सतरा नंबरपुढे, आणि त्या फटीत रस्त्यावर मर्व्हचे दोन डबे. गुरुवारी!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हाताऱ्याने कोळंबीचा राग अजून धरलाय, इतके डबे ओढून काय उपयोग झाला, असं काहीबाही बडबडत मी उतरले आणि लाल झाकणाचा डबा ढकलला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. ढिम्म.

“पावणेनऊ,” मागून आवाज आला. मर्व्ह, अंगात झोपेचा गाऊन, हातात काठी. “मला वाटलं, झोपलीस की काय.”

“यात भरलंय काय?”

“विटा. हलके डबे कुणीही बाजूला करतं. अनुभव आहे मला.” त्याने काठी फाटकाला टेकवली. “काल संध्याकाळी तुमची युनिव्हर्सिटीची पोरं गाड्या घेऊन गेली तशी जागा धरली. सकाळपासून चौघांना हाकललं. एक तर मला काय काय बोलला. चल, तू तिरपा कर, मी ढकलतो. वेळ घालवू नकोस.”

दोघांनी मिळून डबे फुटपाथवर चढवले. मी गाडी घातली आणि पळाले. दार बंद करणाऱ्या बाईंनी मला पाहून दार पुन्हा अर्धं उघडलं. समोर जेवढी हाडं ठेवली तेवढी मी ओळखली, मनगटातली आठही न अडखळता.

परतले तेव्हा मर्व्ह पायरीवर बसला होता.

“झाली?”

“झाली. सुटले.”

डबे रिकामे करायला घेतले. विटा होत्या परसात पार टोकाला, शेडच्या मागे, जुन्या विटांच्या ढिगातल्या. मी चार-चार उचलून नेत होते. तिसऱ्या खेपेला दम लागला, आणि मग एकदम माझ्या ध्यानात आलं. याच्या एका हातात काठी. म्हणजे एका खेपेला एकच वीट.

“मर्व्ह, किती विटा आहेत या?”

“अठ्ठेचाळीस.”

शेडपासून रस्त्यापर्यंत अठ्ठेचाळीस वेळा, त्या खुब्यावर. मी वीट हातात धरून तिथेच उभी राहिले आणि रडायला लागले. माझ्यासाठी कुणी असं काही केलेलं नव्हतं, आणि तेच मी त्याला सांगितलं, नाक पुसत, जसं जमलं तसं. थँक्यूही म्हटलं, बहुतेक चार वेळा.

“बरं, बरं,” तो दुसरीकडे बघत म्हणाला. “आणि त्या मागे कशाला नेतेस? पुढची परीक्षा कधी?”

“नोव्हेंबरात.”

“मग फाटकापाशीच रच.”