आवाजाखालचा आवाज

गौरजाने वाचनकक्षाचं दार आतून लावून घेतलं आणि शेवंतीकाकीच्या डोक्यावर हेडफोन बसवला. मधल्या सुट्टीची वीस मिनिटं उरली होती.

मालवणच्या या महाविद्यालयात गौरजा अकरा वर्षं ग्रंथपाल होती. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणीच्या मासेमारीवरचा माहितीपट ग्रंथालयात यावा म्हणून चार महिने ती प्राचार्यांच्या मागे लागली होती. घरी बघायला तो सातशे रुपयांत मिळत होता, महाविद्यालयाला बावीस हजारांत.

"तुमच्या नावावर घ्या आणि वर्गात लावा की," प्राचार्य म्हणाले होते.

ती बधली नाही. अखेर मंजुरी मिळाली आणि करारावर तिनेच सही केली: फक्त विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी.

त्याच आठवड्यात काकी तारकर्लीहून आली. माहितीपटात तिचा नवरा गुरुदास होता. चित्रीकरणानंतर महिनाभरात तो झोपेतच गेला. काही दुखणं नव्हतं, असं काकी सगळ्यांना सांगे.

"माका तेंचो आवाज आयकूचो आसा, बाय."

गौरजाने माहितीपट विकणाऱ्या कंपनीला विचारलं. बाहेरच्यांना दाखवायचं तर आणखी पंधरा हजार, असं उत्तर आलं. 'बाहेरच्यांना' हा शब्द तिने दोनदा वाचला आणि काकीला बोलावून घेतलं.

पडद्यावर गुरुदास होडीला टेकून बोलू लागला. त्याच्या बोलण्यावर इंग्रजी निवेदन चढवलेलं आहे, हे काकीला सांगणं गौरजाच्या जिवावर आलं होतं. हा समुद्र आम्हाला कधी उपाशी ठेवत नाही, असं काहीसं ते निवेदन होतं.

"काकी, हेच्यात तेंचो आवाज…"

काकीने हात वर करून तिला थांबवलं. दोन्ही तळव्यांनी हेडफोन कानांवर दाबला, डोळे मिटले.

"आसा. खाली बारीक आसा."

"काय म्हणतत?"

काकीने डोळे उघडले.

"कॅमेरेवाल्याक सांगतत. छातीत कळ येता, वायच थांब. आणि शेवंतीक सांगू नको, म्हणतत."

गौरजाचा हात माऊसवरच राहिला. पडद्यावर लाटा आल्या, संगीत सुरू झालं असावं. बाहेर घंटा झाली. कुणीतरी दार ठोठावलं.

काकीने हेडफोन काढला नाही.

"परत मागे घे गो," ती म्हणाली. "माझा नाव घेतल्यानी, थंय."