मावशीच्या टॅबवर बटण दिसेना

पोहण्याच्या तलावासाठी वेबसाइट बनवली, तेव्हा नावनोंदणीचं हिरवं बटण तिने स्वतःच्या फोनवर, नवऱ्याच्या लॅपटॉपवर, सगळीकडे दाबून पाहिलं होतं. नोंदणी सकाळी आठला सुरू झाली. नऊला तिथल्या प्रशिक्षकांचा फोन आला.

"साठीच्या पुढच्यांच्या वर्गाला एकही नाव नाही. इथे मात्र फोनवर फोन. सगळे म्हणतात, बटणच नाही."

"मला तर दिसतंय," ती म्हणाली आणि लगेच ओशाळली. तिला दिसून काय उपयोग?

या मंडळींकडे जुने ब्राउझर असणार. आता तसा जुना ब्राउझर आणायचा कुठून? मग तिला मावशी आठवली. मावशी दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिचा टॅब दहा वर्षांचा होता आणि 'चालतोय ना?' एवढं म्हणून तिने सगळ्या भाचरांची तोंडं बंद केली होती.

लॅपटॉप काखोटीला मारून ती मावशीकडे पोचली. टॅबवर पान उघडलं, तर बटण खरंच गायब. तलावाच्या भल्यामोठ्या फोटोखाली ते दडपलं गेलं होतं.

दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. ही कोड बदलायची, मावशी पान पुन्हा उघडून खबर द्यायची.

"आलं, पण अर्धंच."

"आता?"

"आता अख्खं आलंय, पण अक्षरं एकमेकांच्या मांडीवर बसलीत."

तिला हसू आवरेना. नव्या धाटणीची मांडणी त्या जुन्या ब्राउझरला कळतच नव्हती. तिने ती काढली आणि सगळं साधं, एकाखाली एक रचलं.

"आता बघ."

मावशी बराच वेळ टॅबवर टकटक करत राहिली. "नाव नोंदवलं, क्रमांक एक, असं म्हणतोय हा."

"अगं, खरंच भरलंस? थांब, काढून टाकते."

"राहू दे."

"तुला तर पाण्याची भीती वाटते."

"वाटते ना. म्हणून तर इतकी वर्षं गेले नाही. पण पहिला नंबर लागलाय, आता कशी माघार घेऊ?"

दुपारपर्यंत वर्ग भरला.

सोमवारी ती मुद्दाम बघायला गेली. मावशी उथळ पाण्यात कठडा घट्ट धरून उभी होती. प्रशिक्षक म्हणाले, "सोडा." मावशीने डोळे मिटले, कठडा सोडला आणि असे काही पाय झाडले, की काठावरची भाची नखशिखांत भिजली. मावशी मात्र तरंगत होती.