तुळशीबाईंनी बदललेला प्रश्न

तळा या तालुक्याच्या गावापासून चार मैलांवरच्या एका खेड्यात तुळशीबाईंना विचारल्याशिवाय कुणाचं पान हलत नसे. एकतीस वर्षं त्यांनी अंगणवाडी चालवली होती. आज ज्यांच्या मिशा पिकायला लागल्यात, त्यांचीही वजनं बाईंनी ताणकाट्यावर टांगून घेतलेली. निवृत्तीला सहा वर्षं झाली, तरी गाव त्यांना 'बाई'च म्हणे. म्हणून दीक्षा गावात आली तेव्हा सरपंचांनी तिला सरळ त्यांच्याकडे धाडलं.

दीक्षा माणगावची, पीएचडी करणारी. म्हातारपणी माणसं फावल्या वेळात काय करतात आणि त्यानं त्यांना किती समाधान मिळतं, हा तिचा विषय. त्यासाठी तिनं चार गावं निवडली होती, त्यातलं हे पहिलं. बाई तिच्यासोबत घरोघर फिरल्या. पहिल्या दिवशी अकरा घरं झाली आणि अकराही घरांत एकच उत्तर मिळालं, फावला वेळ न्हाय. संध्याकाळी पोर ओट्यावर हिरमुसून बसली. हे असंच चाललं तर गावातल्या म्हाताऱ्यांना कसला म्हणजे कसलाच विरंगुळा नाही, असं लिहावं लागेल, म्हणाली.

बाईंना ते लागलं. आपल्या गावाबद्दल असं कागदावर जावं? त्यांनी चष्मा लावून प्रश्नावली दोनदा वाचली.

"चूक त्यांची न्हाय, प्रश्नाची हाय," त्या म्हणाल्या. "इथं फावला वेळ म्हणजे आळस. हाय म्हणून कोण सांगंल?"

दुसऱ्या दिवशी त्याच घरांत त्या पुन्हा गेल्या. मोरूदादा शहात्तर वर्षांचे, गुडघ्यांनी बेजार. बाईंनी त्यांना विचारलं, "दादा, काय करताना जेवायचीबी आठवण ऱ्हात न्हाय?"

म्हातारा हळूच उठला. मग काठी टेकत त्यानं दोघींना परसात नेलं, तोंडाशी हात धरला आणि भारद्वाजासारखा घुमला. बांधापलीकडच्या जाळीतून खऱ्या भारद्वाजानं साद दिली. नऊ पाखरांचे आवाज त्याला येत होते आणि घरच्यांना त्यातले दोनच ठाऊक होते. रंगूबाईनं तर आधी दार लावून घेतलं, मग कबूल केलं की रोज दुपारी चौघी जणी मेंढीकोट खेळतात. म्हाताऱ्या बायकांनी पत्ते खेळलेले बरे दिसत नाहीत, म्हणून कडी लावून. सांगताना तिचा चेहरा लग्नातल्या करवलीसारखा फुलला होता.

दीक्षाची वही भरत चालली, पण तिच्या मार्गदर्शक मॅडमनी फोनवर हरकत घेतली. मध्येच प्रश्न बदलला तर अभ्यास ग्राह्य धरता येणार नाही. दीक्षा कावरीबावरी झाली. बाईंनी फोन आपल्या हाती घेतला आणि मॅडमना गावी यायचं आमंत्रण दिलं.

मॅडम आल्या. दिवसभर बाईंच्या मागून फिरल्या. निघताना म्हणाल्या, नियम मोडता येणार नाही, पण पहिल्यापासून सुरुवात करता येईल. चारही गावांतल्या एकशेवीस जणांना आता बाईंचाच प्रश्न विचारायचा.

त्याला तीन महिने लागले. भर उन्हात बाईंनी एकही घर सोडलं नाही. हिशेब मांडल्यावर दिसलं की ज्यांचा जीव कशात तरी रमत होता, ते दुखण्याखुपण्यातही बाकीच्यांपेक्षा समाधानी होते.

माणगावच्या सभागृहात दीक्षानं हे सगळं मांडलं, तेव्हा न्हावा शेव्याला बंदरात नोकरी करणारा बाईंचा मुलगा रितेश रजा काढून आला होता. पडद्यावर अभ्यासाचं नाव उमटलं. खाली दीक्षाचं नाव, आणि त्याच्या शेजारी, तेवढ्याच अक्षरांत, बाईंचं. रितेशनं मोबाईल वर करून त्याचा फोटो काढला.

बाई मात्र ताठ बसल्या होत्या. आयुष्यभर त्यांनी वरून आलेले तक्ते भरून दिले होते. तक्त्यात काय असावं हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. शेवटी एक प्राध्यापक उठले. आपल्या तालुक्यातल्या पाहणीसाठी बाई येतील का, असं त्यांनी अदबीनं विचारलं.

"येईन की," बाई म्हणाल्या. "लावणी उरकली की येते. पण प्रश्न आधी माझ्याकडं पाठवा."