वॉशिंग मशीनच्या जागेवर बसलेला मी

मित्रांनो, मी एक जुना हौशी रेडिओसंच आहे. अंगाने जड, स्वभावाने गरम. माझ्या पोटातले काचेचे व्हॉल्व्ह तापल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. याबाबतीत मी घरातल्या इतरांपेक्षा वेगळा नाही.

मास्तरांनी तरुणपणी सुटे भाग जमवून मला बांधलं. माझ्यावरून ते दर रविवारी सकाळी दूरच्या बंदरातल्या एका कप्तानाशी गप्पा मारत. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मैत्री टिकली. शेजारी कौतुकाने ऐकायला येत; कप्तानाचा दुखरा गुडघाही सगळ्यांना ठाऊक होता. पुढे मी बिघडलो, मास्तर शाळेत गुंतले आणि माझ्या डोक्यावर इस्त्रीचे कपडे चढले.

मास्तर निवृत्त झाले तेव्हा एका हौशी मित्राकडून कळलं, की कप्तान अजूनही रविवारी हाक देतो. नेमकं तेव्हाच मास्तरीणबाईंनी माझ्या कोपऱ्यासाठी वॉशिंग मशीन पसंत केलं. तह झाला : येत्या रविवारी मी बोललो तर कोपरा माझा, नाहीतर मी भंगारात.

मास्तरांनी माझे फुगलेले कंडेन्सर बदलले. मदतीला आलेले जावई म्हणाले, आता थेट प्लग लावा.

"जावईबापू, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठवून थेट पळायला लावाल का?"

मास्तरांनी माझ्या विजेच्या वाटेत एक साधा बल्ब जोडला. तो लख्ख पेटत राहिला तर माझ्या आत शॉर्ट, म्हणजे माझा निकाल लागला. बल्ब लख्ख पेटला. जावई दोन पावलं मागे सरकले. मग तो हळूहळू मंदावला आणि माझे व्हॉल्व्ह नारिंगी झाले! जावयांनी चक्क टाळी वाजवली.

पण रविवारी माझ्यातून धड खरखरही येईना. मास्तरांनी पेन्सिलीने एकेक व्हॉल्व्ह ठोकून पाहिला. मी ठणठणीत होतो. वर बघा, असं ओरडावंसं वाटत होतं. पण ओरडायलाच तर गच्चीवरची एरियलची तार लागते.

इतक्यात मास्तरीणबाई रिकामी बादली घेऊन गच्चीवरून आल्या. चादरी कुठे वाळत घातल्या, मास्तरांनी घाबरतच विचारलं.

"नेहमीच्या तारेवर. सैल पडायची, म्हणून मीच कठड्याच्या लोखंडी गजाला आवळून बांधलीय. झाली की बरीच वर्षं."

म्हणजे माझी एरियलच लोखंडाला टेकली होती आणि सगळा आवाज जमिनीत मुरत होता! तिघेही जिन्याकडे धावले. सगळ्यांत पुढे मास्तरीणबाई. ओल्या चादरी खाली आल्या, तार पुन्हा वीज अडवणाऱ्या चिनी मातीच्या मण्याला बांधली गेली आणि माझ्या छातीत समुद्रापलीकडचा आवाज घुमला. कोणी ऐकतंय का, कप्तान विचारत होता.

मास्तर माईकवरची धूळ पुसत राहिले.

"अहो, बोला की," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आणि त्यांच्या गुडघ्याचं काय झालं, तेही विचारा."

मास्तर कसेबसे बोलले. पलीकडून कप्तानाचा आवाज आला.

"मास्तर? उशीर केलात हो."

मित्रांनो, जुनी वस्तू गप्प झाली तर तिला भंगारात काढण्याआधी एकदा गच्चीवर जाऊन या. वॉशिंग मशीन आता न्हाणीघरात आहे. कपडे वाळत घालायला मात्र घरात जागा नाही. मास्तर म्हणतात, बघू काहीतरी. आणि रविवारची वाट बघतात.