शंभरात नव्वदवाल्याचं गिधाड

मी गिधाड बोलतोय. घाबरू नका, कापडी आहे. काळ्या मोज्यांचं अंग, गुलाबी टॉवेलची मान, पोटात कापूस. आमच्या संघातल्या वास्कारच्या मावशीने मला शिवलं तेव्हा शेजारीण म्हणाली, "कोंबडी छान जमली हो!" तिला मी अजून माफ केलेलं नाही.

माझा मुक्काम सान पेद्रोच्या बेसबॉल मैदानाच्या कडेला असतो. तिथे राखीव पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, आपली पाळी येईपर्यंत बाकावर शेंगदाणे खात बसतात. मला काम एकच. दुसऱ्याचा विजय जो पळवील, त्याच्या मांडीवर सामन्यानंतर जाऊन बसायचं.

विजय पळवतात कसा? वास्कार सुरुवातीपासून घाम गाळत चेंडू फेकतो, संघ पुढे असतो. तो दमला की राखीव राडामेस येतो आणि आघाडी घालवतो. मग आमचे फलंदाज चिडून धावा काढतात, आपण जिंकतो. अशा वेळी नियमाने विजय लागतो राडामेसच्या नावावर! वास्कारच्या हाती भोपळा.

त्या मोसमात राडामेसच्या विजारीला कायम माझा कापूस चिकटलेला असे. त्याची विजयाची टक्केवारी झाली शंभरात नव्वद. इतर संघांच्या राखीव पिचरांची चाळीस-पन्नास. आमच्याच युनिऑरची तर तीस. युनिऑर आघाडी जपायचा, म्हणून विजय वास्कारकडेच राहायचा. कधी घसरला तर ती हार मात्र युनिऑरची. मला त्याची कीव यायची. स्वतःला मी नव्वद टक्क्यांचा भागीदार समजत होतो. डोक्यात कापूस असला की असं होतं.

मग अंतिम फेरी जवळ आली. राखीव पिचरांच्या जागा दोनच. प्रशिक्षक एवारिस्तो यांनी युनिऑरची जागा पक्की केली आणि दुसरीसाठी बाहेरगावचा कोणीतरी आणायचं त्यांच्या मनात होतं. राडामेस छत्तीस वर्षांचा. इथून सुटला तर दुसरा संघ त्याला घेणार नव्हता.

"तीसवाला पक्का आणि नव्वदवाला टांगलेला?" तो म्हणाला. "आकडे बघा ना, भाऊ! माझ्या जवळपास तरी आहे का कोणी?"

"काका, त्यातले निम्मे माझे आहेत," वास्कार म्हणाला. "खोटं वाटत असेल तर गिधाडाला विचार."

सगळे हसले. मी ऐटीत मान वर केली. ती लगेच खाली पडली.

एवारिस्तो हसले नाहीत. "आज आपण पुढे असलो तर तुलाच पाठवतो. आघाडी सांभाळून दाखव."

"पण सांभाळली तर माझ्या नावावर काहीच लागणार नाही."

"नाहीच लागणार."

शेवटच्या डावात वास्कार दमला तेव्हा आम्ही एका धावेने पुढे होतो. राडामेस मैदानात गेला आणि मी इकडे प्रार्थना सुरू केली. आघाडी जावी, मग परत यावी, आणि मला मांडी मिळावी! एवढा नीच विचार खऱ्या गिधाडालाही सुचला नसता.

पहिल्याच फटक्याला समोरचा एक गडी पहिल्या तळावर, म्हणजे बेसवर, पोहोचला. मला आशा वाटली. राडामेसने टोपी काढली, टक्कल पुसलं आणि नंतरच्या एकालाही पुढे सरकू दिलं नाही. शेवटचा चेंडू उंच उडाला. आमच्या माणसाने तो झेलला, तेव्हा ओरडला नाही असा मी एकटाच.

वास्कार धावत आला आणि त्याने त्या टकलाचा मुका घेतला. "काका, आज घर लुटलं नाहीस रे माझं!"

राडामेसची टक्केवारी होती तिथेच राहिली. एवारिस्तो एवढंच म्हणाले, "उद्या लवकर ये. अंतिम फेरीचे कपडे मापून घ्यायचेत."

त्या दिवसापासून मी बेकार आहे. मला मागच्या कुंपणाला टांगलंय आणि राडामेस सरावात माझ्या चोचीवर नेम धरतो. आधी बहुतेक चेंडू बाजूने जायचे. हल्ली जात नाहीत. शंभरात किती लागतात ते विचारू नका, मी आकडे सोडलेत.

तुमच्यापैकी कोणाला शिवण येत असेल तर माझ्या मानेला दोन टाके घालून जा. जरा पक्के घाला. माणूस सुधारतोय.