कपाट खाली उतरवताना

धाकटीच्या तोंडाला कुलूप घालणं आजवर कोणाला जमलं नव्हतं. आईला नाही, शाळेतल्या बाईंना नाही, आणि काही मिनिटं आधी जन्मल्याचा तोरा जन्मभर मिरवणाऱ्या तिच्या जुळ्या बहिणीला, म्हणजे थोरलीला, तर मुळीच नाही. आणि आज नेमकं त्या कुलपावरच सगळं अडलं होतं.

त्याचं असं झालं. दोघी कॉम्प्युटर शिकत होत्या, एकाच कॉलेजात, एकाच बाकावर. शेवटच्या वर्षाला वर्गाच्या दोन तुकड्या व्हायच्या, एक गेम बनवणाऱ्यांची आणि दुसरी डेटाबेसवाल्यांची. डेटाबेस वाईट असतो असं नाही हो, त्यावर जग चालतं. पण जिला जेवता जेवता ताटाच्या कडेवरून उड्या मारणारी माणसं दिसतात, तिला तिथे नेऊन बसवलं तर ती आठवड्यात सुकून जाईल. आणि गेमच्या तुकडीत जागा हवी तर जोडीनं एक गेम बनवून तो परीक्षेत पास व्हायला हवा.

परीक्षाही साधीसुधी नाही. चिठ्ठ्या टाकून दोन शिक्षक निवडायचे. त्यांनी तो गेम पहिल्यांदाच हातात घ्यायचा आणि बनवणाऱ्यांनी मागे उभं राहून बघायचं. शब्द नाही, खूण नाही, मुद्दाम खोकणंसुद्धा नाही. बोललात की बाद. "खेळणाऱ्याच्या घरी तुम्ही समजवायला जाणार आहात का? तुमचा खेळच बोलला पाहिजे," असं विभागप्रमुख बाई पहिल्या दिवसापासून बजावत आल्या होत्या. शेवटी बाई खेळणाऱ्यांना एकच प्रश्न विचारणार, "पुन्हा खेळाल का?" दोघंही हो म्हणाले तर जागा पक्की. एक जरी नाही म्हणाला, तर डेटाबेस.

आता या दोघींचा गेम. मागे घर बदलताना बाबांनी आणि काकांनी मिळून जुनं लाकडी कपाट जिन्यावरून खाली आणलं होतं. आणलं कमी, भांडले जास्त. "अरे, उचल की!" "उचललंय! तूच ढकलतोयस!" "मी ढकलतोय? कपाट माझ्या अंगावर आलंय!" दोघी वरच्या पायरीवर बसून पोट धरधरून हसत होत्या. हसता हसता धाकटी एकदम थांबली आणि म्हणाली, "अगं, हा गेम आहे." थोरली म्हणाली, "आहेच मुळी." झालं. बाबांनी खालून हाक मारली, "बसलात काय, हात लावा जरा!" तेव्हा या दोघी जिन्याच्या पायऱ्या मोजत होत्या.

खेळायला माणसं दोन, कपाट एक. एकानं वरची बाजू धरायची, दुसऱ्यानं खालची, आणि दोघांनी मिळून ते जिना उतरवून नव्या घराच्या दारातून आत न्यायचं. थोरलीनं वजन सांभाळलं. कपाट किती कललं की घसरेल, कोपरा भिंतीला घासला की किती अडेल, सगळं तिनं असं बसवलं की पडद्यावर बघतानाही हात भरून यावेत. धाकटीनं जीव ओतला तो मजेत. कपाट पडलं की दारं फटकन उघडायची आणि मोजे, वाट्या, एक रुसलेली बाहुली, सगळं जिनाभर उधळायचं. दारांची कुरकुर तर घरच्या कपाटाचीच. ती रेकॉर्ड करताना आईनं विचारलं, "दाराशी काय बोलतेस गं?" धाकटी ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "श्श, त्याची मुलाखत चाललीय."

कपाट पडद्यावर पहिल्यांदा जागचं हललं, तेव्हा दोघींनी अशी आरोळी ठोकली की खालच्या मजल्यावरचे आजोबा काठी घेऊन वर आले. त्यांनाही दाखवलं असतं, पण तिथेच तर घोडं अडलं होतं. थोरली कितीदा म्हणाली, "कोणाला तरी खेळायला देऊ या गं." धाकटीचं उत्तर ठरलेलं. "वेडी आहेस का? कोणीतरी कल्पना उचलेल आणि आपण बसू हात चोळत." त्यामुळे तो गेम या दोघींशिवाय जगात कोणी खेळलंच नव्हतं. दोघी जुळ्या, श्वाससुद्धा बरोबरीनं घेणाऱ्या. त्यांचं कपाट लोण्यासारखं खाली उतरायचं.

परीक्षेच्या दिवशी लॅब खचाखच भरली होती. बाईंनी डब्यात हात घालून दोन चिठ्ठ्या काढल्या, वाचल्या, चष्मा पुसून परत वाचल्या. "गणिताचे सर. आणि ॲनिमेशनच्या मॅडम."

या दोघांचा छत्तीसचा आकडा शिपायापासून सगळ्यांना माहीत होता. भांडणाचं कारण विचाराल तर एक चेंडू. कोणा विद्यार्थ्याच्या गेममधला चेंडू किती उसळावा यावरून ठिणगी पडली. सर म्हणाले, जेवढ्या उंचीवरून पडला त्याच्या हिशेबानं. मॅडम म्हणाल्या, बघणाऱ्याचं मन जेवढं उसळेल तेवढा. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. एकाच टेबलावर बसून निरोप तिसऱ्याकडून.

"मेलो," थोरली पुटपुटली. तेवढ्यात बाईंनी हात वर केला आणि बोलणं बंद झालं.

सर वरची बाजू धरून बसले, मॅडम खालची. मधे एक खुर्ची रिकामी. दोघांनी कंट्रोलर उचलले. सरांनी बटण दाबलं, कपाटाची एक बाजू उचलली गेली. मग मॅडमनी दाबलं. तोवर कपाट कललं, डगमगलं आणि धडाम! मोजे, वाट्या, बाहुली. मागच्या मुलांत खसखस पिकली.

पुन्हा दाबलं. पुन्हा धडाम.

आणि धाकटीला आत्ता कळलं. दोन्ही बटणं एकाच क्षणी दाबायची असतात, हे गेममध्ये कुठेही सांगितलेलंच नव्हतं! सांगणार कोण? या दोघी खेळताना धाकटी नुसतं "हं!" म्हणायची आणि थोरली उचलायची. ते "हं" धाकटीच्या तोंडात होतं, गेममध्ये नव्हतंच. एखाद्या परक्या माणसाला एकदा खेळायला दिलं असतं तरी पहिल्या पायरीवर कळलं असतं. तिनं थोरलीकडे पाहिलं. थोरलीनं पाहिलंच नाही तिच्याकडे, आणि ते कोणत्याही शिवीपेक्षा जास्त लागलं.

आणखी एक धडाम. धाकटीच्या ओठांवर ते "हं" येऊन उभं राहिलं. एवढुसं अक्षर! पण बोललं की बाद, आणि एकटी ती नाही, थोरलीसुद्धा. तिनं बाही दातात धरली आणि अशी चावली की शिवण उसवली.

मॅडमनी पडद्याकडे बघतच म्हटलं, "कोणाला तरी फार घाई झालेली दिसते."

सरांनीही पडद्यालाच उत्तर दिलं, "कोणीतरी झोपलेलं दिसतंय."

"झोपलेल्या माणसाला सांगितलं तर तो जागा होतो!"

"सांगायला आधी बोलणं चालू असावं लागतं!"

सर आणि मॅडम एकमेकांकडे बघत होते, कित्येक महिन्यांनी. मग सरांनी घसा साफ केला. "मी मोजतो. तीनला उचला."

"बरोबर तीनला. अडीचला नाही."

"एक, दोन, तीन!"

कपाट उचललं गेलं. सरळ, डौलात! धाकटीनं बाही चावतच जागच्या जागी उडी मारली. उडीवर बंदी नव्हती.

मग काय विचारता! "डावीकडे घ्या." "माझी डावी की तुमची?" "कपाटाची!" "कपाटाला डावं-उजवं असतं होय?" मागची मुलं बाकांवर चढली. एका वळणावर कपाट घसरलं, मॅडमनी सावरलं, आणि सर स्वतःशीच म्हणाले, "वजन अगदी बरोबर बसवलंय हं." थोरलीचे कान लाल झाले. जरा वेळानं बाहुली कपाटातून अर्धी बाहेर लोंबायला लागली तशा मॅडम खुदकन हसल्या. "आणि हिला भौतिकशास्त्राचं काही पडलेलं नाही, बघा!" सरसुद्धा हसले. हसताना कपाट पडलं ते वेगळं.

खाली पोचले आणि जिन्याला लागूनच असलेल्या नव्या घराच्या दारात अडकले. दार अरुंद, कपाट रुंद. दोघांनी जोर लावला. कपाट कुरकुरलं.

"तुम्ही मागे या जरा," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे मला वळवता येईल."

"मीच का मागे यायचं?"

सरांचा अंगठा कंट्रोलरवर तसाच थांबला. जिन्यावर मागे येण्यात कमीपणा नसतो, हे गेम बनवताना या दोघींच्या मनातही आलं नव्हतं. त्यांना फक्त दार अरुंद हवं होतं. बाई घड्याळाकडे बघत होत्या.

सर एक पायरी मागे आले.

मॅडमनी कपाट वळवलं, आणि ते दारातून असं आत गेलं, जसं काही त्या दारासाठीच सुतारानं घडवलं होतं. लॅबमध्ये एकच कल्ला झाला. थोरलीनं धाकटीचा हात गच्च धरला, इतका की बोटं दुखली. धाकटीला ते दुखणं फार आवडलं.

बाई पुढे आल्या. "शांत व्हा! हं, आता माझा प्रश्न. पुन्हा खेळाल का?"

पण ऐकतंय कोण! सर उठून मधल्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसले होते. "या वेळी वरची बाजू तुमची. बघा म्हणजे कळेल, वरून किती अवघड असतं."

"कळू दे की. आणि मोजणार मी. तुमचं तीन नेहमी लवकर येतं."

"अहो, मी काहीतरी विचारलं," बाई म्हणाल्या.

"थांबा हो जरा!" दोघं एका सुरात म्हणाले.

बाईंनी कपाळाला हात लावला. हसू मात्र काही लपेना. मग त्या दोघी बहिणींकडे वळल्या. "मिळालं माझं उत्तर. जागा पक्की तुमची. बोला आता, सूट आहे."

धाकटीनं तोंड उघडलं. आणि काय सांगू, जन्मात पहिल्यांदा तिला शब्दच सापडेना. नुसती उभी, डोळे भरलेले, उसवलेली बाही लोंबतेय. थोरली म्हणाली, "आईला फोन लावा कोणीतरी, ही गप्प आहे!"

तिकडे मॅडमनी कंट्रोलर सरसावला. "चला. एक, दोन..."

"तीन!" धाकटी ओरडली.